सांजाईची कणखूण

नानांचा फोन आला की केतकी हातातलं काम टाकून तो उचलायची. मीटिंग चालू असली तरी बाहेर येऊन उचलायची. नानांना फोनवर गप्पा मारायला आवडत नसे, पण विचारायचं मात्र सगळं असे. नवा रेग्युलेटर सिलिंडरवर बसत नाही, काय करू? बँकेचा मेसेज आलाय, खरा का खोटा? उत्तर मिळालं की म्हणायचे, "बरं, ठेवतो. सांजाई हाय पाठीशी." या वाक्याशिवाय त्यांचा फोन कधी संपला नाही.

त्या दिवशी मात्र फोन टेबलावर थरथरत राहिला आणि केतकी त्याच्याकडे बघत बसली. थांबला. पुन्हा वाजायला लागला.

"अगं, उचल की," पलीकडच्या खुर्चीतून तिचा सहकारी नीरज कुलथे म्हणाला.

"नाही उचलता येत. तपासणी होईपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही, असं वर्तक मॅडमनी मेलवर बजावलंय."

"वडिलांशी?"

"वडील नाहीत ते आता. संबंधित पक्ष आहेत."

तिनं हे हसत सांगितलं खरं, पण हसू काही नीट जमलं नाही. फोन आणखी एकदा वाजला आणि मग गप्प झाला.

वेखंडी हे केतकीचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. गावदेवी सांजाई. नाना तिचे गुरव. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आजोबा. सांजाईचा मूळ तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा गोल दगड, शेंदरानं माखलेला, पण गावाला ती ओळखीची आहे ती तिच्या चांदीच्या मुखवट्यामुळे. रुंद कपाळ, किंचित मिटलेले ओठ, नाकाला नथीचं भोक. आजूबाजूच्या गावांत असे मुखवटे चोरीला जाऊ लागले तेव्हा वेखंडीलाही काळजी लागली. चोर आता कुलपं तोडत नव्हते. फोटोंवरून हुबेहूब मुखवटा थ्री-डी यंत्रावर छापून घ्यायचा, गर्दीच्या दिवशी बदलायचा आणि खरा परदेशी धाडायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. कित्येक गावं वर्षानुवर्षं छापील देवाला नवस बोलत होती.

केतकी पुण्याला ज्या कंपनीत होती, त्या कंपनीकडे यावर उपाय होता. तो गावात आणला केतकीनंच.

कोणतीही वस्तू डोळ्याला गुळगुळीत दिसली तरी ती तशी नसते. केसाची जाडी शंभर भागांत वाटली, तर त्यातल्या एका भागाएवढ्या उंचीचे डोंगर आणि तेवढ्याच खोलीच्या दऱ्या तिच्यावर पसरलेल्या असतात. चांदी ठोकताना हातोडीच्या तोंडाला असलेला बारीक चरा, धातू निवताना अडकलेला हवेचा बुडबुडा, कानशीचा चुकून लागलेला ओरखडा, यांतलं काहीच ठरवून होत नाही. म्हणून तेच दुसऱ्यांदा करताही येत नाही, ज्यानं वस्तू घडवली त्यालासुद्धा. अशा पृष्ठभागावर लेसरचा किरण तिरका टाकला की प्रकाश प्रत्येक डोंगरावरून वेगळ्या दिशेला उडतो आणि कॅमेऱ्यात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक पट उमटतो. त्या पटावरून यंत्र एक लांबलचक आकडा काढतं. हीच त्या वस्तूची कणखूण.

"म्हंजी आंगठ्याचा ठसाच की," सर्जेराव तात्या तेव्हा म्हणाले होते. तात्या देवस्थान समितीचे अध्यक्ष.

"तसंच, तात्या. आणि हे यंत्र खोटं बोलत नाही," केतकी म्हणाली होती. सगळ्या गावासमोर, माइकवरून.

मुखवट्याच्या मागच्या बाजूचीही खूण घेऊ या, असं तिनं सुचवलं, तेव्हा नानांनी कानांवर हात ठेवले. देवीची पाठ माणसाला दाखवत नाहीत. मग फक्त चेहऱ्याची घेतली. सोबत कंपनीचं सूचनापत्रक दिलं. ते मुळात इंग्रजीत होतं. मराठी करण्याचं काम हौसेनं केतकीनंच अंगावर घेतलं होतं आणि शब्दकोश उघडून ठेवून एकेका शब्दावर घाम गाळला होता. नानांनी ते पत्रक काचेत बसवून गाभाऱ्याबाहेर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "हे आमच्या केतकीनं लिवलंय."

त्याच पत्रकानं पुढचं सगळं घडवलं.

पूर्वी नाना यात्रेआधी मुखवटा डब्यातल्या पावडरीनं लख्ख घासायचे. पत्रक आल्यावर त्यांनी डबा फेकून दिला. गेल्या यात्रेआधी त्यांनी केतकीला फोन करून विचारलं होतं, "आवंदा घासू का गं?" ती गडबडीत होती. "नको, राहू दे," म्हणाली. नानांनी राहू दिलं. मुखवटा काळवंडत गेला. काळपटपणानं यंत्राला काही फरक पडत नाही, तो थर वर बसतो आणि खालचे डोंगर तसेच राहतात. माणसांना मात्र फरक पडतो. देवी अशी काळी कशी? चांदी अशी दिसते होय? कोणीतरी म्हणालं, जस्त असणार. कोणीतरी म्हणालं, गुरवानं यंदा घरावर स्लॅब टाकला, कशावर टाकला? तो केतकीच्या पगारावर टाकला होता, पण हे सांगत फिरणं नानांना कमीपणाचं वाटलं. कुजबुज वाढली तेव्हा तात्यांनी नाइलाजानं कंपनीला पत्र धाडलं. नानांना उलट हायसं वाटलं.

"येऊं दे मशीन," ते देवळात म्हणाले. "हाय न्हाय ते कळंल सगळ्यास्नी."

तपासणी सभामंडपात झाली. नीरज यंत्र घेऊन आला होता. केतकीला फक्त लांब उभं राहायची परवानगी होती, म्हणून ती बायकांच्या बाजूला खांबापाशी उभी राहिली. सगळा गाव लोटला होता. नाना गाभाऱ्यातून बाहेर आले, दोन्ही हातांवर लाल कापड, कापडावर सांजाई.

मुखवटा लखलखत होता.

तो घासला आहे, हे केतकीनं ओळखलं. ओरडायला तिनं तोंड उघडेपर्यंत नीरजनं यंत्राचा डोळा देवीच्या कपाळावर टेकवला होता. कपाळ, गाल, हनुवटी, नाक. यंत्र थोडा वेळ गुणगुणलं. मग पडद्यावर लाल चौकोन आला आणि त्यात दोन शब्द: जुळत नाही.

नीरजनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

 नाना पडद्याकडे बघत होते, मग त्यांनी गर्दीत केतकीला शोधलं. "केतके, जुळंना का गं?"

ती पुढं धावली. नियम गेला खड्ड्यात. "नाना, काय लावलंत तुम्ही तिला?"

"काय सुदिक न्हाय."

"मग एवढी चमकते कशी?"

"चिंच लावली. आन् मग रांगोळीनं घासली, माझा बा घासायचा तशी." त्यांनी काचेतल्या पत्रकाकडे बोट केलं. "त्यात लिवलंय न्हवं, रासायनिक काय वापरायचं न्हाय. म्हून रासायनिक वापरलंच न्हाय. समदी म्हणत हुती काळी पडली, काळी पडली. परगावची माणसं येनार, तिला तशी कशी समोर आणायची? तुला इचारायला फोन केलता की मी. लई वेळा केलता."

केतकीनं पत्रकाकडे बघितलं. तिचंच वाक्य होतं, सुबक अक्षरांत: 'रासायनिक अपघर्षकांचा वापर कटाक्षाने टाळावा.' अपघर्षक म्हणजे घासून झिजवणारा पदार्थ. शब्द बरोबर होता. शब्दकोशात तसाच होता. गावात तो बापजन्मी कुणी ऐकला नव्हता. नानांनी त्यातला कळणारा तेवढा अर्धा भाग घेतला होता आणि तो जिवापाड पाळला होता. चिंचेनं वरचा काळा थर विरघळला आणि रांगोळीच्या दगडी भुकटीनं खालचे डोंगर खरवडून सपाट केले. देवीचा ठसा नानांनी स्वतःच्या हातानं, भक्तीनं पुसून टाकला होता.

तिनं वळून गावाला समजावायचा प्रयत्न केला. मोठ्यानं, रडत, जमेल तसं. तात्या शांतपणे ऐकत होते. वाईट माणूस नव्हता तो.

"पोरी," ते म्हणाले, "तूच म्हनली हुतीस ना, मशीन खोटं बोलत न्हाय?"



दुपारी तालुक्याहून पोलिसांची गाडी आली. खरा मुखवटा चोरून त्या जागी खोटा ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुखवटा मुद्देमाल म्हणून पिशवीत घालून, वर लाख लावून नेला. पिशवीत घालताना शिपायानं तो उलटा धरला आणि साऱ्या गावाला देवीची पाठ दिसली. नानांनी डोळे मिटून घेतले. पूजेचा मान तात्पुरता चुलतघराकडे गेला. नानांना चौकशी करून सोडलं, पण रोज ठाण्यात हजेरी लावायला सांगितलं.

संध्याकाळी घरात दिवा लावायचा कोणी विसरलं नाही, पण जेवण कुणालाच गेलं नाही. नाना ओसरीवर बसले होते. केतकी त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला त्यांची माफी मागायची होती. शब्द माझा चुकला, फोन मी उचलला नाही, हे सगळं सांगायचं होतं. पण यंत्राशी इतकी वर्षं काम करून तिच्या डोक्याला एक सवय लागली होती. पुरावा नाही तर काहीच धरायचं नाही. घासलेल्या पृष्ठभागावरून तो खराच होता असं म्हणता येत नाही. खोटा होता असंही म्हणता येत नाही. आणि खोटा मुखवटा ठेवणाऱ्यानंही नेमकं हेच केलं असतं, तपासणीआधी घासून ठेवला असता. हा विचार तिला नको होता. तरी तो आला आणि जाईना.

"नाना," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला एकदाच खरं सांगा. मुखवटा... तो आपलाच आहे ना?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

"तू बी?" एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

त्यानंतर नानांचा फोन येणं बंद झालं.

कंपनीत तिच्या वरिष्ठ वर्तक मॅडमचं म्हणणं चुकीचं होतं असंही केतकीला म्हणता येईना. "निकाल 'अनिर्णित' द्या म्हणतेस," त्या म्हणाल्या, "उद्या प्रत्येक चोर चिंच लावून येईल आणि म्हणेल, भक्तीनं घासला हो. मग या तंत्राचा उपयोग काय? जुळतं किंवा जुळत नाही, या दोनच उत्तरांवर लोकांचा विश्वास बसलाय, केतकी. तिसरं उत्तर आलं की सगळंच ढासळतं."

"पण पत्रकातली चूक आपली आहे."

"शब्द अचूक आहे. मी तपासून घेतलाय." मॅडम थोड्या थांबल्या. "आणि आपली म्हणजे तुझी. वडिलांसाठी मुलगी चूक कबूल करते, यावर कोण विश्वास ठेवणार?"

केतकी जागेवर येऊन बसली. नीरजनं खुर्ची तिच्याकडे सरकवली. तपासणीला आठवडा झाला होता. लाल चौकोन त्याच्या हातून आला होता आणि ते त्याला खात होतं.

"मी कच्चा पट उघडून बघितला," तो म्हणाला. "पक्का निकाल नाही. कच्चे ठिपके. यंत्र निम्म्याहून जास्त भाग जुळला तरच जुळलं म्हणतं. तिथं निम्म्याच्या जवळपासही काही नाही. पण हे बघ."

पडद्यावर देवीचा चेहरा होता, राखाडी ठिपक्यांचा. सगळीकडे जुना आणि नवा पट एकमेकांशी भांडत होते. फक्त एका जागी नाही. नथीच्या भोकाच्या आत, कडेच्या खोबणीत, जिथं कापडाचा बोळा आणि बोट पोचत नाही, तिथं दोन्ही पट तंतोतंत एकावर एक बसत होते. नखाच्या टोकाएवढी जागा. पण त्या नखाच्या टोकात असलेला डोंगरदऱ्यांचा नकाशा जगात दुसऱ्या कुठल्याही चांदीवर असू शकत नव्हता.

"खरीच आहे," नीरज म्हणाला.

केतकीला रडू फुटलं. आनंदाचं नाही. जिथं बरं वाटायला हवं होतं तिथं तिला लाज वाटत होती. नखाएवढ्या जागेनं जे सांगितलं, ते बापाच्या तोंडून तिनं ऐकून घेतलं नव्हतं.

ती तशीच तालुक्याला गेली. पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूला मुद्देमालाच्या खोलीची छोटी जाळीदार खिडकी आहे. नाना तिथं उभे होते. हजेरी लावून झाली की ते रोज इथं येत, हे ठाण्यातल्या बाईंनी तिला सांगितलं. "कुणाला त्रास नाही हो त्यांचा. एक फूल ठेवतात, हात जोडतात, जातात. साहेब बघून न बघितल्यासारखं करतात."

खिडकीच्या कट्ट्यावर शेवंतीचं फूल होतं.

"नाना," केतकी म्हणाली, "नथीच्या भोकात जुळलं. ती खरीच आहे. आपलीच सांजाई आहे."

नानांनी मान हलवली. नवीन काही कळल्यासारखी नाही. "मशीन म्हणतंय?"

"हो."

"बरं झालं." ते खिडकीकडे बघत राहिले. मग विचारलं, "मंग सोडत्याल तिला?"

"तेवढ्यानं नाही सोडणार. तेवढी जागा पुरत नाही. पण तुम्ही..." तिला पुढं बोलता येईना. "मी तुम्हाला त्या दिवशी विचारायला नको होतं, नाना."

"व्हय. नगं हुतं," नाना म्हणाले. ते खोटं बोलत नसत, इथंही बोलले नाहीत.  ठाण्याच्या आवारात एक मोटारसायकल सुरू होत नव्हती आणि कुणीतरी तिला लाथा घालत होतं.

"किती गावांत लावलाय त्यो कागूद?" नानांनी एकदम विचारलं.

"पुष्कळ. दोनशेच्या वर असतील."

"तिथं बी गुरव असत्याल. यात्रा येतील. समदी घासत्याल." ते वळून चालायला लागले आणि जाताजाता म्हणाले, "त्यात चिंच लिव. लोकांस्नी कळंल असं लिव."

पुण्याला परत आल्यावर केतकीनं पत्रक उघडलं. सुधारलेलं पत्रक सगळ्या गावांना पाठवायचा अधिकार तिच्याकडे होता. भाषेचं काम तिचंच होतं म्हणून तो दिला होता. या पत्रकात चूक मान्य केली की कंपनीनं ती मान्य केल्यासारखं होणार, वेखंडीच्या तपासणीच्या निकालाला कोर्टात आव्हान मिळणार आणि तिची नोकरी जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. नानांच्या घरावरच्या स्लॅबचे निम्मे पैसे अजून फेडायचे होते. तिनं 'रासायनिक अपघर्षकांचा' ही ओळ खोडली. त्या जागी लिहिलं: 'देवाला घासू नका. चिंच लावू नका. रांगोळी, राख, माती, पावडर, काही लावू नका. फक्त ओल्या फडक्यानं पुसा. पूर्वीच्या पत्रकात हे नीट लिहिलेलं नव्हतं. ती चूक आमची आहे. घासल्यामुळे खरा देवही यंत्राला ओळखू येत नाही; वेखंडीला असंच झालं आहे.' खाली स्वतःचं नाव लिहिलं.

मग तिनं नानांना फोन लावला. वाजत राहिला. त्या दिवशी नानांच्या कानात आपला फोन कसा वाजत राहिला असेल, हे तिला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. ती ठेवणार इतक्यात त्यांनी उचलला.

"नाना, लिहिलंय. वाचू का?"

"वाच."

तिनं सगळं वाचलं. शेवटचं नावसुद्धा.  मग नाना खाकरले.

"लिंबू ऱ्हायलं," ते म्हणाले. "आपल्याकडं चिंच घेत्यात, पर कोकणाकडं लिंबू लावत्यात. लिंबू बी लिव."

"लिहिते." तिनं तिथंच टाइप केलं. "लिहिलं."

"बरं, ठेवतो. सांजाई हाय..."

नाना सवयीनं बोलून गेले आणि मध्येच थांबले. सांजाई कुठं आहे, हे दोघांनाही माहीत होतं. केतकी फोन कानाशी धरून बाकीच्या एका शब्दाची वाट बघत राहिली. नानांनी हळूच फोन ठेवला.

तिनं लिंबाची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पत्रक सगळ्या गावांना पाठवून दिलं.